दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि दुसरं लग्न : एका सावत्र घराचा प्रकरण अभ्यास

तक्रार मोबाइलची होती. मुलगी दहावीत, रात्री बारापर्यंत फोन हातात, सहामाहीला गणितात घसरलेली, काही विचारलं की दार आपटून आत. नवी आई दोन शब्द बोलली की "तुम्ही माझ्या आई नाही आहात" हे ठरलेलं उत्तर. वेळ घेताना वडील फोनवर म्हणाले होते, "मॅडम, पोरगी फार उद्धट झालीय, तिला जरा समजावा." सावत्र घरं समुपदेशनाला येतात ती बहुतेक वेळा अशीच येतात. वयात आलेलं मूल पुढे केलेलं असतं आणि मोठी माणसं त्याच्या मागे बसलेली असतात.

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणात दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत आणि नोकऱ्या, नाती, ठिकाणं जरूर तिथे बदलली आहेत. नावं दिलेली नाहीत. घर नाशिकचं आहे असं धरून वाचावं.

घर कसं उभं राहिलं

वडील बेचाळीस वर्षांचे, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. पहिली पत्नी एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, सहावी संपत आलेली. आईला रुग्णालयात नेलं त्याच दिवशी तिला संगमनेरला मामाकडे पाठवलं. त्या दिवसांच्या नियमांप्रमाणे मृतदेह घरी आणता आला नाही, अमरधामला वडील एकटेच उभे होते. तेरावं झाल्यावर मुलगी परत आली तेव्हा आईचं कपाट रिकामं होतं. संसर्गाच्या भीतीने आत्याने कपडे देऊन टाकले होते. आई आजारी असताना दिसली ती शेवटची, आणि नंतर एकदम आई नसलेलं घर. मधलं काहीच तिने पाहिलं नाही. त्या लाटेत आईवडील गमावलेल्या मुलांशी बोलताना हे मधलं गाळलेलं पान पुन्हा पुन्हा समोर येतं. मुलं मोठी झाली तरी ते पान भरलेलं नसतं.

पुढची अडीच वर्षं बाप-लेक आणि आजी असं घर चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये वडिलांनी दुसरं लग्न केलं. नव्या पत्नी एका सहकारी पतसंस्थेत नोकरीला, २०१९ मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झालेला, मुलाचा ताबा त्यांच्याकडे. न्यायालयात ठरल्याप्रमाणे मुलगा एक आड एक शनिवारी वडिलांकडे जातो. लग्नाच्या वेळी तो अकरा वर्षांचा होता, आमच्याकडे आला तेव्हा सातवीत. आई आणि तो नाशिकरोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत असत. लग्नानंतर दोघं इंदिरानगरच्या या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आले.

म्हणजे एका घराला बाई मिळाली आणि दुसऱ्या घराला छप्पर मिळालं, असं नातेवाइकांनी मांडलं. आजी तर पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "पोरीला आई पाहिजे म्हणूनच केलं हो." वडीलही पहिल्या भेटीत हेच म्हणाले. हे वाक्य प्रेमाने बोललं जातं, पण ते ऐकणाऱ्या दोघींवर काय ओझं टाकतं ते पाहायला हवं. मुलीला ऐकू येतं की हे सगळं तुझ्यासाठी केलंय, आता तू खूश दिसलंच पाहिजे. आणि नव्या पत्नीला ऐकू येतं की तुला इथे कामासाठी आणलंय. एका चाळिशीतल्या पुरुषाला आयुष्यात सोबत हवी वाटली, हे म्हणायला आपल्याकडे अजून जड जातं. ते मोकळेपणाने म्हटलं असतं तर मुलीच्या खांद्यावरून निम्मं ओझं तिथेच उतरलं असतं.

धनत्रयोदशीची मोड

मुलीला मी एकटीला भेटले. किशोरवयीन मुलांना मी नेहमीच वेगळं भेटते, सावत्र घरात तर हटकून. पहिल्यांदा घरात सुरक्षित वाटतं का, कुणाचा स्पर्श, नजर, बोलणं खटकतं का, हे सरळ शब्दांत विचारते. तसं काही निघालं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांना १०९८ हा त्यांच्या मदतीचा फोन क्रमांक मी तोंडपाठ करायला लावते. या घरात तसं काही नव्हतं. वडिलांवर तिचा जीव होता. नव्या आईबद्दल ती म्हणाली, "त्या वाईट नाहीत." मग बराच वेळ गप्प राहून, "त्यांनी वाट्या विकल्या."

घरातल्या कुणीही या वाट्यांचा उल्लेख केला नव्हता. प्रकार असा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळीची साफसफाई झाली. वरच्या फळीवरची जुनी स्टीलची भांडी, काही चेपलेली, काही डाग पडलेली, नव्या पत्नीने भांडी बाजारात मोडीत दिली आणि धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नवा कुकर आणि डब्यांचा सेट आणला. हिशेबी गृहिणी करेल तेच. त्या भांड्यांत सहा वाट्या, एक तांब्या आणि झाकणाचं पातेलं होतं. त्यांच्या कडेवर बारीक टिंबांनी आईचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली होती, लग्नात आहेर म्हणून भांडी देताना दुकानदाराकडून घालून घेतात तसं. मुलगी लहानपणी जेवताना त्या टिंबांवरून बोट फिरवत अक्षरं वाचायची. आईचे कपडे गेले होते, आईचा फोन विकला होता, फोटो वडिलांच्या कपाटात कुलपात होता. घरात आईचं नाव उरलं होतं ते त्या वाट्यांवर.

पाडव्याला जेवायला बसताना तिला वाट्या नवीन दिसल्या. तिने विचारलं, उत्तर मिळालं, आणि ती ताटावरून उठली. घरच्यांच्या लेखी त्या दिवसापासून तिने "फोनचा नाद" धरला. प्रत्यक्षात ती रात्री मामेबहिणीशी बोलत होती आणि आईचे जुने व्हॉइस मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत होती. अकरा वाजता फोन हातातून काढून घेण्यावरून जे भांडण व्हायचं, त्यात नव्या आईला हे माहीत नव्हतं की त्या फोनमध्ये पहिलीचा आवाज आहे. मुलीने सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला?

त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरात, अविधवा नवमी होऊन गेली होती. पितृपक्षातला हा दिवस नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा. आजींनी रीतीप्रमाणे सवाष्ण जेवायला बोलावली, साडी दिली, स्वयंपाक नव्या सुनेने केला आणि मनापासून केला. मुलगी क्लासवरून आली तेव्हा पंगत उठली होती. तिला आधी सांगितलं नव्हतं, कारण "उगाच रडत बसेल, अभ्यासाचं वर्ष आहे." आईच्या नावाने घरात सगळं झालं आणि आईच्या लेकीला त्यात जागा नव्हती.

पूर्वीच्या काळीही आपल्याकडे सावत्र घरं भरपूर होती, कारण बाळंतपणात बायका जायच्या आणि पुरुष वर्षाच्या आत पुन्हा बोहल्यावर चढायचे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये आनंदीबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. त्या काळातल्या वाड्यांत निदान आजी, आत्या, काकू, विधवा मावशी अशी चार माणसं मुलाच्या वाट्याला यायची, आणि आईची आठवण काढणारं कुणीतरी माजघरात असायचं. त्या घरांत दुःखं कमी होती असं नाही. पण सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये एकाच बाईने आई, शिक्षिका, स्वयंपाकीण आणि पहारेकरी व्हावं अशी अपेक्षा तरी नव्हती.

काम कुणासोबत केलं

घरच्यांना वाटलं होतं मी मुलीला समजावेन. मी सुरुवात वडिलांपासून केली. या घरात गप्प बसलेला माणूस तो होता. फोनवरून भांडण चालू असताना ते टीव्हीचा आवाज वाढवायचे, नाहीतर गॅलरीत जायचे. "मी कुणाची बाजू घेऊ?" हा त्यांचा प्रश्न खरा होता. बायकोची घेतली तर पोरगी पोरकी होणार, पोरीची घेतली तर बायको म्हणणार मी इथे कोण. म्हणून त्यांनी कुणाचीच घेतली नाही, आणि सगळं शिस्त लावण्याचं काम त्या घरात सगळ्यात नव्या आलेल्या माणसाच्या अंगावर पडलं.

इथे माझं मत ठाम आहे. वयात येणाऱ्या मुलांच्या सावत्र घरात पहिली काही वर्षं "नाही" म्हणण्याचं काम सख्ख्या पालकाचं असतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये मेविस हेदरिंग्टन यांनी घटस्फोट आणि पुनर्विवाह झालेल्या कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. मुलं वयात येत असताना झालेला पुनर्विवाह सगळ्यात खडतर जातो, आणि सावत्र पालकाने आधी ओळख-विश्वास जमवून सख्ख्या पालकाच्या शिस्तीला नुसता दुजोरा दिला तर घर लवकर सावरतं, असं त्यांच्या कामातून दिसलं. आपलं कुटुंब अमेरिकेपेक्षा वेगळं आहे हे खरं, पण एवढी गोष्ट इंदिरानगरच्या फ्लॅटमध्येही तंतोतंत लागू पडते. पाच वर्षांचं मूल नव्या माणसाच्या मांडीवर बसतं. पंधरा वर्षांची मुलगी आधीच घरापासून सुटी होऊ पाहत असते, आणि नेमक्या त्याच वेळी तिला आपण म्हणतो की आता या नव्या बाईला बिलग.

मग फोनचा नियम वडिलांनी केला. साडेदहानंतर फोन हॉलमधल्या टेबलावर, सगळ्यांचे, त्यांचा स्वतःचाही. ते सेकंड शिफ्टला असतील तेव्हा नव्या आईने एवढंच म्हणायचं : "बाबांनी साडेदहा सांगितलंय." मुलीने ऐकलं नाही तर वाद घालायचा नाही, सकाळी वडिलांना सांगायचं आणि ते पाहतील. पहिल्या आठवड्यात वडिलांनी दोनदा टाळाटाळ केली. तिसऱ्या वेळी मुलीसमोर बसून बोलले. ती त्यांच्यावर ओरडली, रडली आणि फोन टेबलावर ठेवून झोपली. नव्या पत्नी मला नंतर म्हणाल्या, "ती त्यांच्यावर ओरडली आणि मला पहिल्यांदा या घरात हायसं वाटलं." आईचे व्हॉइस मेसेज मामाकडून दुसऱ्या जागी साठवून घेतले, म्हणजे फोन हातातून गेला की आई गेली असं तिला वाटायला नको.

वाट्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. मी वडिलांना एवढंच सुचवलं की मुलीला घेऊन त्या दुकानात जा. महिना उलटून गेला होता, मोड केव्हाच पुढे गेली होती, दुकानदाराने हात वर केले. वाट्या मिळाल्या नाहीत, मिळणारही नव्हत्या. पण भांडी बाजारातून परत येताना बाप-लेक एका ठिकाणी चहाला थांबले आणि वडिलांनी तिला एप्रिल २०२१ मधल्या त्या दहा दिवसांत काय काय घडलं ते पहिल्यांदा सांगितलं. खाट कशी मिळाली, शेवटचा फोन कुणी केला, आई काय म्हणाली. तिने तीन वर्षांत विचारलं नव्हतं कारण बाबा रडतील. त्यांनी सांगितलं नव्हतं कारण पोरगी रडेल.

त्यानंतर रविवारची सकाळ त्या दोघांची ठरली. नाशिकमध्ये रविवारी मिसळीला जायला कारण लागत नाही. नव्या पत्नीला आधी हे टोचलं. "आम्हाला का नाही नेत?" असं त्यांनी विचारलं, आणि विचारणं स्वाभाविक होतं. सगळ्यांनी सगळं एकत्र केलं की कुटुंब जुळतं असा आपला समज असतो. सावत्र घरात आधी सख्ख्या जोड्यांना एकमेकांची खात्री पटावी लागते. बाबा अजून माझे आहेत एवढं कळलं की मुलगी नव्या माणसाशी दोन शब्द बरे बोलते.

नव्या पत्नीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण अशा प्रकरणांत तिची बाजू कुणी मांडत नाही. ऑगस्टमध्ये मुलीला डेंग्यू झाला तेव्हा रजा टाकून चार रात्री रुग्णालयात याच बसल्या होत्या. पाळीच्या वेळी पोटदुखी सहन करत राहणाऱ्या मुलीला डॉक्टरांकडे यांनी नेलं. आभार राहू देत, त्याची नोंदही घरात कुणी घेतली नाही, कारण आईने करायचंच असतं आणि सावत्र आईने तर सिद्धच करायचं असतं. मृत पत्नीचा फोटो हॉलमध्ये लावायचा विषय निघाला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मी रोज त्यांच्या नजरेसमोर पोळ्या लाटायच्या का?" हा प्रश्न मला अजिबात क्षुद्र वाटला नाही. तीही त्या घरात हक्काने राहायला आली आहे. शेवटी फोटो मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर लागला. फ्रेम नव्या पत्नीने आणली. वडिलांना मी सांगितलं की बायकोचं जे काही कौतुक करायचं ते मुलीसमोर करा, आणि त्यांनी जेवताना डेंग्यूच्या त्या चार रात्रींचा विषय काढला. मुलगी काही बोलली नाही. ताटावरून उठलीही नाही.

"आई म्हण" हा आजींचा आग्रह मात्र बंद करायला सगळ्यांत वेळ लागला. मुलगी "मावशी" म्हणते, मुलगा "काका" म्हणतो. चांगलं चाललंय. आजींना शेवटी त्यांच्या मुलानेच सांगितलं, मी सांगून उपयोग नव्हता.

मुलगा

सगळे त्याला गुणी म्हणत. हट्ट नाही, उलट उत्तर नाही, ताईच्या वाटेला जात नाही. अशा मुलाची मला जास्त काळजी वाटते. बोलताना कळलं की त्याचा ब्रश, पेस्ट आणि एक टी-शर्ट वर्षभर शाळेच्या जुन्या दप्तरातच असतो आणि ते दप्तर दिवाणाखाली ठेवलेलं. शनिवारी वडिलांकडे जाताना लागतं म्हणून, असं त्याने सांगितलं. रोज सकाळी तो दप्तरातून ब्रश काढायचा आणि पुन्हा आत ठेवायचा. बाथरूममधल्या ब्रशच्या पेल्यात त्याचा ब्रश नव्हता, आणि हे एका वर्षात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चार वर्षं तो आणि आई दोघंच होते. रात्री आईशेजारी झोपून दिवसभराचं सांगायचं हा त्याचा नेम. आता आई दुसऱ्या खोलीत, दार लावलेलं. पंधरा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा एका खोलीत ठेवणं योग्य नव्हतं, ते बरोबरच. म्हणून तो हॉलमध्ये दिवाणावर. पण हॉल सगळ्यांचा असतो, तिथे त्याचं असं काहीच नव्हतं. गॅलरीलगतच्या कोपऱ्यात त्याला कुलपाचं कपाट, दिवा आणि पडदा लावून दिला. गुरुवारी पतसंस्था सुटल्यावर आई त्याला शाळेबाहेर भेटते आणि दोघं तासभर फिरून मग घरी येतात. मुलीच्या खोलीत जायचं तर दार वाजवायचं, बाथरूमला आतून कडी, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी, असे साधे नियम सगळ्यांसाठी झाले. अचानक एका घरात आलेल्या वयातल्या मुलांना ही मर्यादा आखून दिलेली हवी असते. मोठे संकोचाने बोलत नाहीत आणि मुलं आपसांत अवघडत राहतात.

नाव, दागिने आणि कागद

आजींच्या मनात होतं की मुलाचं मधलं नाव आणि आडनाव बदलून टाकावं, "दारावरच्या पाटीवर एकच नाव बरं दिसतं." आईच्या पुनर्विवाहानंतर मुलाचं आडनाव ठरवण्याचा आईचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये मान्य केला आहे, आणि कागदोपत्री नव्या पतीचा उल्लेख सावत्र वडील म्हणून करायला लावणं क्रूर ठरेल असंही म्हटलं आहे. पण त्या प्रकरणात मुलाचे वडील हयात नव्हते. इथे वडील आहेत, भेटतात, फी देतात. दत्तक घ्यायचं तर त्यांची संमती लागेल. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे मुलाला विचारल्यावर त्याने मान हलवून "नको" म्हटलं. विषय तिथेच संपवला.

बऱ्याच घरांना हे माहीत नसतं की १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालकांमध्ये सावत्र आईबाप येत नाहीत. नुसतं लग्न केल्याने मुलावर कायदेशीर अधिकार मिळत नाही. शाळेसाठी, डॉक्टरांसाठी वडिलांनी पत्नीच्या नावे आणि पत्नीने पतीच्या नावे लेखी अधिकारपत्रं करून ठेवली. वारसाहक्कातही तसंच. सावत्र बापाच्या मालमत्तेत दत्तक न घेतलेल्या मुलाला आपोआप वाटा मिळत नाही, त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र हवं. ते वकिलाकडून करून घेतलं.

मुलीच्या मनातली दुसरी भीती दागिन्यांची होती. आईच्या पाटल्या आणि मंगळसूत्र लॉकरमध्ये, आणि लग्नानंतर लॉकर वडील आणि नव्या पत्नीच्या नावावर झालेला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मालमत्ता तिच्या मुलांना आणि नवऱ्याला सारख्या वाट्याने जाते. म्हणजे त्या दागिन्यांत निम्मा वाटा मुलीचा आजही आहे. वडिलांनी यादी करून, वजनं लिहून, सही करून एक प्रत तिच्या हातात दिली आणि आपला वाटाही तिलाच देणार असल्याचं मृत्युपत्रात घातलं. ही सूचना नव्या पत्नीची होती. त्या म्हणाल्या, "मला त्या पाटल्यांचा संशय नकोय घरात." मुलीचं त्यांच्याशी बोलणं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते यानंतर, असं मला वाटतं. पैशाअडक्याचं स्पष्ट बोलल्याने नाती कोरडी होतात असं आपल्याकडे मानतात. सावत्र घरात याच्या उलट अनुभव येतो.

सध्याची स्थिती

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा झाली. गुण ठीक पडले, गणितात अपेक्षेपेक्षा कमी. आता ती अकरावी वाणिज्यला आहे. दार अजून आपटतं, पण ते सोळाव्या वर्षी सख्ख्या घरांतही आपटतं. २०२५ च्या अविधवा नवमीला तिला आधी सांगितलं होतं. अळूची भाजी आणि खीर आई कशी करायची ते तिने मामीला फोन करून विचारून घेतलं आणि मावशीसोबत ओट्यापाशी उभी राहिली. खीर पातळ झाली. आजींनी नाव ठेवलं, दोघींनी ऐकून घेतलं. संगमनेरचे मामा-मामी मात्र अजून या घरी पाऊल टाकत नाहीत. मुलगी सुट्टीत तिकडे जाते तेव्हा तिला या घराविषयी जपून बोलावं लागतं. हे सुटलेलं नाही.

मुलगा आठवीत गेला आणि दिवाळीनंतर त्याने आईला विचारलं, "मी नववीपासून बाबांकडे राहिलो तर चालेल?" आई हादरली. तिला वाटलं, या लग्नाने आपला मुलगा गेला. मी तिला आधी एवढंच विचारलं की ब्रश कुठे आहे. तो बाथरूमच्या पेल्यात आहे. म्हणजे मुलगा पळून जायला निघालेला नाही, तेरा वर्षांच्या मुलाला बापाजवळ राहून पाहायचंय. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, त्यामुळे ही गोष्ट रडून किंवा धमकावून थांबवायची नाही हे आईने मान्य केलं. मे महिन्याची पूर्ण सुट्टी त्याने वडिलांकडे काढायची, तिथली शाळा, एकटं राहण्याचे तास, वडिलांच्या कामाच्या वेळा हे सगळं प्रत्यक्ष बघायचं, आणि जूनच्या आत चौघांनी, म्हणजे मुलगा, आई, वडील आणि काका यांनी, एकत्र बसून ठरवायचं असं ठरलं आहे. काकांनी त्या बैठकीला यायला हवं असं मुलानेच सांगितलं.